लीड्सला ट्राम का नाही?

उत्तर इंग्लंडमधल्या लीड्स शहरात शेवटची ट्राम धावली ७ नोव्हेंबर १९५९ रोजी. आमच्या शेजारच्या आजी तेव्हा शाळेत होत्या. वडिलांचा हात धरून त्या गर्दीत उभ्या होत्या, हे अजून सांगतात. त्यांच्या स्वयंपाकघरात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे, त्यात त्या कागद जपून ठेवतात. एक पत्रक ‘सुपरट्राम’चं: २००१ साली सरकारने मंजूर केलेली आणि खर्च वाढला म्हणून नोव्हेंबर २००५ मध्ये रद्द केलेली योजना. दुसरं पत्रक वरच्या तारांवर चालणाऱ्या ट्रॉलीबसचं. ती २०१६ साली नामंजूर झाली. तिसरं २०२४ च्या उन्हाळ्यातलं, पुन्हा ट्रामचं, नागरिकांची मतं मागवणारं. आजींनी तिन्ही वेळा आपलं मत लिहून पाठवलं आहे.

लीड्सची वस्ती आठ लाखांच्या वर आहे. ट्राम किंवा मेट्रो नसलेलं पश्चिम युरोपातलं सगळ्यात मोठं शहर, अशी त्याची ओळख सांगितली जाते. फ्रान्समधलं रेन हे शहर सव्वादोन लाखांच्या आसपासचं, आणि तिथे मेट्रोच्या दोन मार्गिका आहेत. मी इथे राहायला आले तेव्हा वाटलं होतं, एवढ्या श्रीमंत देशात हे निव्वळ नशिबाचे फेरे असतील. बरीच वर्षं राहिल्यावर कळलं की यात नशिबाचा भाग थोडा आणि पैसे वाटण्याच्या पद्धतीचा भाग फार मोठा आहे. ही पद्धत एकदा समजली की ब्रिटनचं राजकारणही बरंचसं उलगडतं. स्कॉटलंडचा प्रश्न, ब्रेक्झिटचं मतदान, उत्तरेतल्या माणसांचा राग, सगळ्याची मुळं थोडीफार इथे सापडतात.

लोकांच्या तोंडी एक तयार उत्तर असतं: सगळा पैसा लंडन खातं. ते अर्धं खरं आहे. म्हणून आधी आकडे नीट बघू.

सरकार एका माणसामागे वर्षाला किती खर्च करतं, याचा हिशेब ब्रिटनचं अर्थखातं, म्हणजे ट्रेझरी, दरवर्षी प्रसिद्ध करतं. दवाखाने, शाळा, पोलीस, रस्ते, पेन्शन, भत्ते सगळं त्यात येतं. २०२३-२४ साली इंग्लंडमध्ये हा आकडा सुमारे १२,६०० पौंड होता, वेल्समध्ये १४,४०० च्या आसपास, स्कॉटलंडमध्ये १४,७०० च्या वर आणि उत्तर आयर्लंडमध्ये १५,३०० च्या पुढे. खुद्द इंग्लंडमध्ये नऊ विभाग मानतात, त्यांत लंडन सगळ्यात वर आणि ईस्ट मिडलँड्स, म्हणजे नॉटिंगहॅम-लेस्टरचा पट्टा, वर्षानुवर्षं तळाच्या आसपास.

आता यातली गोम बघा. इंग्लंडच्या ईशान्य कोपऱ्यातला विभाग, न्यूकॅसल आणि संडरलंडचा, देशातल्या गरीब भागांपैकी एक. पण तिथला दरडोई खर्च इंग्लंडच्या सरासरीपेक्षा जास्तच आहे. मग तक्रार कसली? तक्रार अशी की तो पैसा मुख्यतः आजारपणाचा, अपंगत्वाच्या भत्त्यांचा, बेकारीचा आणि पेन्शनचा आहे. माणूस आजारी पडला, काम गेलं, म्हातारा झाला की नियमाप्रमाणे मिळणारा. तो मिळायलाच हवा. पण त्यातून रेल्वेमार्ग होत नाही, कारखाना येत नाही, पोरांना गावात नोकरी मिळत नाही.

मी माझ्यापुरते याला दोन शब्द ठरवले आहेत: जगवणारा पैसा आणि उभा करणारा पैसा. उत्तरेला जगवणारा पैसा मिळतो. उभा करणारा मिळत नाही, किंवा फार थोडा मिळतो. पुढचं सगळं या एका फरकाभोवती फिरतं.

उभा करणारा पैसा बघायचा तर वाहतूक घ्या. आयपीपीआर या अभ्यासगटाने ट्रेझरीच्याच आकड्यांवरून हिशेब मांडला आहे. २००९-१० ते २०२२-२३ या काळात लंडनमध्ये वाहतुकीवर दरवर्षी दरडोई साधारण १,१८० पौंड खर्च झाले, उत्तर इंग्लंडमध्ये ५०० च्या आत, ईस्ट मिडलँड्समध्ये साडेतीनशेच्या आसपास. उत्तरेला लंडनच्या दराने पैसे मिळाले असते तर तिथे १४० अब्ज पौंड जास्त आले असते. मराठी वाचकाला, निदान विदर्भ-मराठवाड्यातल्या, ‘अनुशेष’ हा शब्द समजावून सांगायला नको. हा उत्तर इंग्लंडचा वाहतुकीतला अनुशेष.

आकडा मोठा असला की डोळ्यांसमोर काही येत नाही, म्हणून एक गाडी सांगते. १९८० च्या दशकात ब्रिटिश रेल्वेने पैसे वाचवायला एक तोडगा काढला. बसचा सांगाडा घेतला आणि मालडब्याच्या धाटणीच्या दोन आसांच्या बैठकीवर चढवला. त्या गाडीला नाव दिलं ‘पेसर’. आतली बाकं बसची, दारं बसची, आणि वळणावर चाकं अशी किंचाळायची की शेजारच्याशी बोलणं थांबवावं लागे. तात्पुरती म्हणून आलेली ही गाडी उत्तरेत २०२० च्या नोव्हेंबरपर्यंत धावली. मी तिच्यातून कामाला गेले आहे. पावसाळी सकाळी, काचेवर आतून वाफ धरलेली, दोनच डबे आणि माणसं दारापर्यंत उभी. त्याच वर्षांत लंडनच्या पोटातून एलिझाबेथ मार्गाचे बोगदे खणले जात होते. तो मार्ग २४ मे २०२२ रोजी सुरू झाला, खर्च १९ अब्ज पौंडांच्या घरात.

लंडनच्या बाजूने इथे दोन गोष्टी प्रामाणिकपणे सांगायला हव्यात. एक, लंडन जेवढं घेतं त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त कर भरतं. लंडन आणि त्याच्या भोवतालचा आग्नेय भाग यांच्या करातूनच बाकी देशाचा जगवणारा पैसा येतो. दुसरी, एलिझाबेथ मार्गाचा मोठा वाटा लंडनने स्वतः उचलला: तिकिटांच्या उत्पन्नातून आणि शहरातल्या मोठ्या व्यवसायांवर २०१० पासून वेगळी पट्टी बसवून. हे खरं आहे. पण अशी पट्टी बसवायला, तिच्यावर कर्ज काढायला आणि बांधायला लंडनकडे २००० सालापासून स्वतःचा महापौर होता, स्वतःचं वाहतूक खातं होतं. लीड्सला तेव्हा असा महापौर आणि एवढे अधिकार असलेलं खातं नव्हतं.

मग ट्रेझरी कुठे काय बांधायचं ते ठरवते कशावरून? तिचं एक मार्गदर्शक पुस्तक आहे, ‘ग्रीन बुक’ नावाचं. सरकारी पैशातून काही उभारायचं असेल तर त्याचा फायदा आणि खर्च कसा मोजायचा, हे त्यात लिहिलं आहे. कल्पना चांगली आहे. मंत्र्याच्या लहरीवर पूल बांधला जाऊ नये, एवढाच हेतू. पण व्यवहारात काय होतं? दोन रेल्वेयोजना घ्या, दोन्हींचा खर्च सारखा. एक लंडनच्या गर्दीत, रोज दोन लाख लोकांची दहा मिनिटं वाचवणारी. दुसरी लीड्स-ब्रॅडफर्डमध्ये, चाळीस हजार लोकांची दहा मिनिटं वाचवणारी. वाचलेल्या मिनिटांची किंमत पैशात केली की पहिली योजना पाचपट फायद्याची दिसते. घरबांधणीच्या योजनेत जमिनीचा भाव किती चढेल ते बघतात, आणि भाव चढतो तिथेच जिथे तो आधीपासून चढा आहे.

पण ब्रॅडफर्डला चाळीसच हजार प्रवासी का, हा प्रश्न त्या बेरजेत येत नाही. गाडी धड नाही म्हणून लोक मोटारीने जातात किंवा तिकडची नोकरीच धरत नाहीत. गाडी नाही म्हणून प्रवासी नाहीत, प्रवासी नाहीत म्हणून गाडी नाही. २०२० साली ट्रेझरीने स्वतःच फेरविचार करून मान्य केलं की फायदा-खर्चाच्या एका गुणोत्तराला अधिकारी नको इतकं महत्त्व देतात, आणि योजनेतून त्या भागासाठी नेमकं काय साधायचं आहे ते नीट मांडलंच जात नाही. २०२५ मध्ये पुन्हा फेरविचार झाला. माझं मत असं की पुस्तकातल्या ओळींपेक्षा ते वाचायची सवय बदलणं अवघड आहे. चाळीस वर्षं एकाच पद्धतीने बेरीज केलेल्या खात्याला दुसरी बेरीज सुचायला वेळ लागतो.

आता सीमेपलीकडे जाऊ, कारण स्कॉटलंडची गोष्ट निराळी आहे.

इंग्लंडचं अगदी उत्तरेचं गाव बेरिक. तिथून स्कॉटलंडची हद्द अवघी चार-पाच किलोमीटर. बेरिकच्या माणसाने डॉक्टरची चिठ्ठी घेऊन औषधाच्या दुकानात जावं तर, सूट नसेल तर, प्रत्येक औषधामागे ९ पौंड ९० पेन्स मोजावे लागतात. हद्दीपलीकडच्या आयमथ गावात तेच औषध २०११ पासून फुकट आहे. बेरिकचं पोर इंग्लंडातल्या विद्यापीठात गेलं तर वर्षाला नऊ हजारांच्या वर फी, आणि आयमथचं स्कॉटलंडमध्ये शिकलं तर फी नाही. दोन्ही गावांत कोळ्यांची वस्ती, दोन्हीकडे तोच उत्तर समुद्र आणि तोच वारा.

याच्या मागे ‘बार्नेट सूत्र’ आहे. जोएल बार्नेट हे १९७० च्या दशकातल्या मजूर सरकारात ट्रेझरीचे मंत्री, मँचेस्टरजवळच्या मतदारसंघाचे खासदार. स्कॉटलंड, वेल्स, उत्तर आयर्लंड यांना किती पैसे द्यायचे यावर दरवर्षी मंत्रिमंडळात भांडणं व्हायची. ती मिटवायला १९७८ साली एक सोपी रीत ठरवली. इंग्लंडमध्ये शाळांसाठी, दवाखान्यांसाठी किंवा अशाच एखाद्या कामासाठी जेवढी रक्कम वाढेल, तिचा लोकसंख्येच्या प्रमाणातला हिस्सा बाकीच्यांना आपोआप द्यायचा. इंग्लंडच्या शाळांना १०० पौंड वाढवले की लोकसंख्येच्या हिशेबाने स्कॉटलंडला साडेनऊच्या वर, वेल्सला साडेपाचच्या आसपास आणि उत्तर आयर्लंडला तीन-साडेतीन पौंड जातात. ते पैसे शाळांवरच खर्च करायचे असं बंधन नाही. एडिंबराने, म्हणजे स्कॉटलंडच्या सरकारने, ठरवलं तर औषधांवर, फीवर, कशावरही.

सूत्र फक्त वाढीला लागू आहे. मूळ रकमेला ते हात लावत नाही. १९७८ साली स्कॉटलंडला दरडोई जास्तच मिळत होतं, त्यामुळे तो फरक पायातच राहिला. कागदावर बघता कालांतराने फरक पुसट व्हायला हवा होता, कारण दरडोई वाढ सगळीकडे सारखी होते. पण स्कॉटलंडची लोकसंख्या इंग्लंडइतकी वाढली नाही. वरचा जुना पैसा तेवढाच आणि खाणारी तोंडं तुलनेने कमी, त्यामुळे दरडोई आकडा चढाच राहिला. आणि कुठे गरज किती, हा प्रश्न या सूत्राने विचारलेलाच नाही. वेल्स स्कॉटलंडपेक्षा गरीब, तिथे म्हातारी माणसं जास्त, बंद पडलेल्या कोळशाच्या खाणींची खोरी तिथे. तरी अनेक वर्षं सूत्रात त्याला काही जागा नव्हती. २०१६ च्या करारात वेल्सच्या हिश्श्याला थोडी वरकड जोडली गेली.

स्कॉटलंडला उगाच मिळतं असं मी म्हणत नाही. विरळ वस्ती, डझनावारी बेटं, लांबच्या दऱ्याखोऱ्या. तिथे एक शाळा चालवायला खर्च जास्त येतो. शिवाय चांगल्या पगाराच्या लोकांकडून स्कॉटलंड आता इंग्लंडपेक्षा जास्त प्राप्तिकर घेतं. माझा मुद्दा इतकाच की न्यूकॅसललाही गरज आहे, आणि न्यूकॅसलसाठी असं कुठलंही सूत्र नाही. इंग्लंडच्या विभागांना ना विधिमंडळ, ना आपोआप मिळणारा वाटा. त्यांनी जायचं आणि मागायचं. २००४ साली ईशान्य इंग्लंडला विभागीय सभा हवी का, असं सार्वमत घेतलं, तर अठ्ठ्याहत्तर टक्के लोकांनी नको म्हटलं. त्या सभेला अधिकार इतके थोडे होते की लोकांना तिच्यात आणखी एका कचेरीपलीकडे काही दिसलं नाही.

बार्नेट यांनी स्वतः म्हातारपणी सांगितलं होतं की हे सूत्र वर्ष-दोन वर्षं चालेल असं वाटलं होतं, आणि ते आता बदलायला हवं. २०१४ मध्ये ते वारले. त्याच वर्षी सप्टेंबरात स्कॉटलंडच्या स्वातंत्र्याचं सार्वमत होतं. मतदानाच्या दोन दिवस आधी कॅमेरन, मिलिबँड आणि क्लेग या तिन्ही मोठ्या पक्षांच्या नेत्यांनी तिथल्या एका दैनिकाच्या पहिल्या पानावर सह्यांनिशी वचन छापलं, त्यात बार्नेट सूत्र चालू राहील असं लिहिलं होतं. देश फुटायची भीती समोर असताना कोण सूत्राला हात लावणार?

पैसे गरजेवरून नाही तर दबावावरून कसे मिळतात, याचं आणखी ठळक उदाहरण २०१७ चं. निवडणुकीत पंतप्रधान थेरेसा मे यांचं बहुमत गेलं. उत्तर आयर्लंडच्या डीयूपी पक्षाच्या दहा खासदारांनी पाठिंबा दिला आणि उत्तर आयर्लंडला वरचे १ अब्ज पौंड मिळाले, सूत्राच्या बाहेरून. उत्तर इंग्लंडचे खासदार दीडशेच्या वर असतात. पण ते आपापल्या पक्षात वाटलेले, पक्षाच्या आदेशाला बांधलेले. ‘उत्तर’ म्हणून ते एकत्र कधी उभे राहत नाहीत.

वेगवान रेल्वेची, एचएस-२ ची, गोष्ट इथेच सांगून टाकते. लंडनहून बर्मिंगहॅम, तिथून एक फाटा मँचेस्टरला आणि एक लीड्सला, असा तिचा आराखडा होता. लीड्सचा फाटा नोव्हेंबर २०२१ मध्ये कापला. मँचेस्टरचा फाटा ४ ऑक्टोबर २०२३ रोजी पंतप्रधान सुनक यांनी रद्द केला, तोही मँचेस्टरमध्येच, पक्षाच्या अधिवेशनात. ते सभागृह म्हणजे १९६९ साली बंद पडलेलं मँचेस्टरचं सेंट्रल रेल्वे स्टेशन. उरला तो लंडन-बर्मिंगहॅम तुकडा. आणि वेल्स? वेल्समध्ये या रेल्वेचा एक मीटरही रूळ नाही. पण सरकारदप्तरी ती ‘इंग्लंड आणि वेल्स’ची योजना म्हणून नोंदलेली आहे. त्यामुळे बार्नेट सूत्राने स्कॉटलंडला आणि उत्तर आयर्लंडला तिच्या खर्चाच्या प्रमाणात वाटा मिळाला, वेल्सला मिळाला नाही. कार्डिफमधल्या, म्हणजे वेल्सच्या राजधानीतल्या, सगळ्या पक्षांनी यावर आवाज उठवला आहे. एका रकान्यातल्या दोन शब्दांवर एवढा पैसा अडून राहतो, हे मला अजूनही पचत नाही.

इथपर्यंत मोठ्या योजना झाल्या. पण माणसाचा रोजचा संबंध येतो तो कौन्सिलशी, म्हणजे नगरपालिकेशी. कचरा, वाचनालय, म्हाताऱ्यांची देखभाल, अनाथ मुलांची जबाबदारी, बागा, संध्याकाळच्या तोट्यातल्या बस चालू ठेवायची मदत, सगळं तिच्याकडे. तिचं उत्पन्न मुख्यतः तीन ठिकाणांहून येतं: सरकारी अनुदान, व्यवसायांवरची पट्टी आणि घरपट्टी.

घरपट्टी इंग्लंडमध्ये कशी ठरते ते ऐकून मी दोनदा विचारून घेतलं होतं. घराची किंमत १ एप्रिल १९९१ ला काय होती किंवा काय असती, यावरून. गेल्या वर्षी बांधलेलं घर असलं तरी ते १९९१ साली केवढ्याला गेलं असतं याचा अंदाज करायचा. तेव्हा घाईत किमती ठरवायच्या होत्या म्हणून मूल्यमापन करणारे मोटारीत बसून, दुसऱ्या गियरमध्ये गल्लीतून जाता जाता घरं नोंदवत होते, आणि त्यावरून त्या मोजणीला ‘सेकंड गियर’ची मोजणी असंच नाव पडलं. इंग्लंडमध्ये ती मोजणी त्यानंतर पुन्हा झालेली नाही, कारण कुठल्याही सरकारला घरपट्टी वाढलेल्या मतदाराची भीती वाटते. मधल्या काळात लंडनमधल्या घरांच्या किमती कुठल्या कुठे गेल्या.

घरं आठ गटांत विभागलेली आहेत, ‘ए’पासून ‘एच’पर्यंत. ‘एच’च्या घराला ‘डी’च्या दुप्पट पट्टी, त्याच्या वर मर्यादा. मग ते पाच खोल्यांचं असो की राजवाडा असो. आता दोन ठिकाणं बघा. लंडनचं वेस्टमिन्स्टर, जिथे बकिंगहॅम राजवाडा आहे, आणि ईशान्य किनाऱ्यावरचं हार्टलपूल, जिथली जहाजं आणि पोलाद दोन्ही गेलं. २०२३-२४ साली वेस्टमिन्स्टरमधल्या ‘डी’ घराची वर्षाची पट्टी हजार पौंडांच्या आत होती, हार्टलपूलमध्ये तेवीसशेच्या वर. म्हणजे हार्टलपूलचं मधल्या दर्जाचं घर वेस्टमिन्स्टरच्या सगळ्यात महागड्या घरापेक्षा जास्त पट्टी भरत होतं. वेस्टमिन्स्टरला दुकानांतून, हॉटेलांतून, पार्किंगमधून उत्पन्न आहे. हार्टलपूलमध्ये बहुतेक घरं खालच्या गटांतली, त्यामुळे दर वाढवला तरी हातात थोडंच येतं, आणि देखभाल लागणारी माणसं जास्त.

अशा कौन्सिलांना सरकारी अनुदानाचा आधार होता. २०१० नंतर अर्थमंत्री ऑस्बोर्न यांनी काटकसर सुरू केली तेव्हा कुऱ्हाड तिथे पडली. आपल्याकडच्या कॅगसारखं ब्रिटनचं राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालय आहे. त्याच्या हिशेबाने २०१०-११ ते २०१७-१८ या काळात कौन्सिलांना मिळणारा सरकारी पैसा, महागाई धरून, ४९.१ टक्क्यांनी घटला. जिची स्वतःची मिळकत भक्कम, तिला अनुदान कापलं तरी थोडा चिमटा बसतो. जी अनुदानावरच उभी, ती कोलमडते. सरळ टक्केवारीने कापणं समान वाटतं, पण ते गरीब गावाला अधिक कापतं. म्हाताऱ्यांची आणि मुलांची देखभाल कायद्याने बंधनकारक, ती कमी करता येत नाही. मग बंद काय होतं? वाचनालय, तरुणांचं केंद्र, रात्रीची बस. आमच्या भागातली आठनंतरची बस अशीच गेली. शेजारच्या आजींचं बुधवारचं गाणं म्हणणं त्यामुळे सुटलं. परत यायला गाडीच नव्हती.

सगळा दोष वरच्यांचा असं मात्र नाही. लंडनजवळच्या सुखवस्तू वोकिंग कौन्सिलने भरमसाठ कर्ज काढून इमारती उभ्या केल्या आणि २०२३ साली हात वर केले. बर्मिंगहॅमने त्याच वर्षी कलम ११४ ची नोटीस काढली, म्हणजे अत्यावश्यक सोडून नवा खर्च बंद, त्यात बायकांना समान पगार न दिल्याची जुनी देणी आणि फसलेली संगणक व्यवस्था यांचाही हात होता.

२०१९ मध्ये बोरिस जॉन्सन निवडून आले ते उत्तरेतल्या मजूर पक्षाच्या जुन्या जागा जिंकून. त्यांची घोषणा होती ‘लेव्हलिंग अप’: मागे राहिलेल्यांना बरोबरीला आणायचं. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यांचे मंत्री मायकेल गोव्ह यांनी त्याची श्वेतपत्रिका काढली, बारा उद्दिष्टं लिहिली. मी ती तेव्हा खरोखर आशेने वाचली होती. दुखणं त्यात बरोबर ओळखलं होतं. पण पैसे वाटायची रीत ठरली ती स्पर्धेची. ४.८ अब्ज पौंडांचा निधी, त्यातून कोणाला किती ते लंडनमधले मंत्री ठरवणार, गावांनी अर्ज करायचे. ज्या कौन्सिलने नुकतीच माणसं कमी केली होती तिने सल्लागार नेमून शंभर पानी अर्ज लिहायचा, आणि नामंजूर झाला की तो खर्च पाण्यात. जानेवारी २०२३ मध्ये वेस्ट मिडलँड्सचे महापौर अँडी स्ट्रीट, जॉन्सन आणि सुनक यांच्याच पक्षाचे, उघडपणे म्हणाले की ही भिकेचा कटोरा घेऊन उभं राहायची पद्धत पार मोडकळीला आली आहे. मार्च २०२४ मध्ये संसदेच्या लोकलेखा समितीने आकडे मांडले: अशा निधींतून कबूल केलेले १०.४७ अब्ज पौंड, त्यांतले सप्टेंबर २०२३ पर्यंत स्थानिक पातळीवर प्रत्यक्ष खर्च झालेले १.२४ अब्ज.

याच्या दोन वर्षं आधी, २०२२ च्या उन्हाळ्यात, पक्षनेतेपदाच्या प्रचारात सुनक केंटमधल्या टनब्रिज वेल्स या सधन गावी बोलले होते. मजूर पक्षाची सूत्रं सगळा पैसा गरीब शहरी भागांत ढकलत होती, ती आपण बदलायला सुरुवात केली, असं त्यांनी सांगितलं. त्याची चित्रफीत बाहेर आली. उत्तरेत अनेकांना त्यात नवं काही वाटलं नाही, फक्त इतकं स्पष्ट कोणी बोललं नव्हतं. लिव्हरपूलच्या लोकांना तर १९८१ चं पत्र पाठ आहे. दंगलींनंतर अर्थमंत्री जेफ्री हाऊ यांनी थॅचर यांना लिहिलं होतं की त्या शहराची ‘आवरती घसरण’ होऊ देणं, म्हणजे त्याला न सावरता हळूहळू उतरू देणं, हा पर्याय अगदीच विसरू नये. तीस वर्षांनी, २०११ च्या अखेरीला, कागद खुले झाले तेव्हा ते सगळ्यांनी वाचलं. थॅचर यांच्याच मंत्रिमंडळातले मायकेल हेसल्टाइन यांनी तेव्हा त्याविरुद्ध किल्ला लढवला म्हणून तिथली अल्बर्ट गोदी आज उभी आहे.

ब्रिटनमध्ये गोळा होणाऱ्या प्रत्येक १०० पौंड करातले सुमारे ९५ केंद्र सरकारकडे जातात. बाकी सगळ्या गोष्टी याच एका खुंटीला टांगलेल्या आहेत. कर तिथे, म्हणून निर्णय तिथे. २० ऑक्टोबर २०२० चा प्रसंग कित्येकांनी टीव्हीवर पाहिला. करोनाचे निर्बंध लागणार, धंदे बंद होणार, म्हणून मँचेस्टरचे महापौर अँडी बर्नम यांनी साडेसहा कोटी पौंड मागितले होते, सरकार सहा कोटींवर अडलं, बोलणी फिसकटली. बर्नम उघड्यावर पत्रकारांशी बोलत असताना एका सहकाऱ्याने फोन पुढे केला. शहराला २ कोटी २० लाख मिळणार असल्याची बातमी त्यावर होती. अठ्ठावीस लाख लोकांचा निवडून दिलेला माणूस आपल्या शहराचा निर्णय दुसऱ्याच्या फोनवर वाचत होता. सहा कोटींची तयारी सरकारने नंतर पुन्हा दाखवली, पण ते दृश्य लोक विसरले नाहीत.

त्याच मँचेस्टरने दुसरी बाजूही दाखवली आहे. १९८६ साली लंडन सोडून बाकी इंग्लंडमध्ये बस खुल्या बाजारावर सोडल्या गेल्या. कंपनीला परवडेल त्या मार्गावर, परवडेल त्या वेळी, परवडेल त्या तिकिटात. लंडनने मात्र मार्ग आणि दर स्वतःच्या हातात ठेवले. पुढे महापौरांना कायद्याने अधिकार मिळाला आणि मँचेस्टरने सप्टेंबर २०२३ पासून बस टप्प्याटप्प्याने परत ताब्यात घेतल्या, जानेवारी २०२५ पर्यंत सगळ्या. आता तिथे पिवळ्या बस धावतात, २०२५ साली दोन पौंडांच्या तिकिटात. मी गेल्या हिवाळ्यात तिथे एकीच्या घरी गेले होते. थांब्यावर मार्गाचा नकाशा होता, ट्राम कुठे मिळेल तेही त्यावर होतं, आणि रात्री साडेदहाला बस आली. लीड्समधून गेलेल्या माणसाला हे किती मोठं वाटतं ते सांगून कळणार नाही.

आमच्याकडेही पावलं पडली आहेत. लीड्स ज्यात येतं त्या वेस्ट यॉर्कशरच्या महापौर ट्रेसी ब्रेबिन यांनी मार्च २०२४ मध्ये बस ताब्यात घ्यायचा निर्णय केला. जून २०२५ मध्ये अर्थमंत्री रेचल रीव्हज यांनी लंडनबाहेरच्या शहरी भागांच्या वाहतुकीला १५.६ अब्ज पौंड जाहीर केले, त्यांतले २.१ अब्ज वेस्ट यॉर्कशरला, ट्राम धरून. रीव्हज स्वतः लीड्सच्याच खासदार. त्या दिवशी आजींनी वर्तमानपत्रातलं पान कापून डब्यात ठेवलं. डिसेंबर २०२५ मध्ये कळलं की सरकारी तपासणीचे टप्पे एकामागून एक घ्यायचे असल्याने पहिली ट्राम २०३० च्या दशकाच्या अखेरीला धावेल. ते कात्रणही डब्यात आहे. तेव्हा आजी नव्वदी ओलांडलेल्या असतील. पुढच्या वेळी मत मागवलं तर त्यांना त्यांच्या घरावरून जाणाऱ्या मार्गाऐवजी दवाखान्यावरून जाणारा मार्ग सुचवायचा आहे, आणि पेन्सिलीने त्यांनी तो नकाशावर काढूनही ठेवला आहे.